सुमतीबाईंच्या फ्रिजमधलं शून्य

बीदर, ९ जून २०२४

ती. मामा,

नमस्कार. फोन केला की तुम्ही म्हणता, पत्र लिही. फोनवर माणूस विचार न करता खोटं बोलतो, कागदावर निदान विचार करून बोलतो. म्हणून विचार करून लिहायला बसले आहे. चुका काढायला लाल पेन जवळ घेऊनच वाचा.

तुमच्या चिरंजीवांच्या रुग्णालयात मला नोकरी लागून दोन महिने झाले. घरी तो श्रीहर्षदादा, इथे अधीक्षकसाहेब. घरी मी त्याची आतेबहीण, इथे लॅब टेक्निशियन, कंत्राटी, तीस सप्टेंबरपर्यंत. तुमच्या शब्दाने नोकरी मिळाली हे तो रोज आठवण करून देतो, त्यामुळे मी विसरण्याचा प्रश्नच नाही.

काम काय ते तुम्ही विचारलं होतं. पाच वर्षांखालचं मूल तापाने फणफणलेलं, झटके येणारं, मान ताठरलेलं असं आलं की मेंदूज्वराचा संशय धरायचा. डॉक्टर पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढतात. ते मी तपासायचं. त्यात जंतू आहेत का, असले तर कोणते, हे फॉर्मवर लिहायचं आणि महिन्याच्या शेवटी आकडा वरच्या ऑफिसला पाठवायचा. याला सर्व्हेलन्स म्हणतात. म्हणजे पाळत. पोलीस चोरावर ठेवतात तशी आपण जंतूवर ठेवायची.

आपला आकडा गेले नऊ महिने शून्य आहे. आधीच्या टेक्निशियनचाही शून्य, माझाही शून्य. तापाच्या वॉर्डात एका खाटेवर दोन मुलं झोपतात, झटके येणारी आठवड्याला तीन-चार तरी असतात, पण जंतू काही आपल्या दारात पाऊल ठेवत नाहीत. दादाला याचा फार अभिमान आहे.

तुम्ही मामीच्या वर्षश्राद्धाला दिलेला फ्रिज लॅबमध्ये मानाच्या जागी आहे. मामीच्या नावाची पितळी पाटी शिपाई भीमण्णा रोज घासतो, दर शुक्रवारी हळदकुंकू लावतो. आता त्या फ्रिजला कोणी फ्रिज म्हणतच नाही. "बाई, नमुना सुमतीबाईकडं ठिवलो बगा," असं भीमण्णा मला रोज सकाळी सांगतो. मामीला भरल्या घरात राहायची सवय होती. इथेही तिला रिकामं ठेवत नाहीत.

तुमची भाची,
विनीता


कलबुर्गी, १६ जून २०२४

चि. विनीता,

आशीर्वाद. पत्रात पाच चुका आहेत, पैकी दोन अक्षम्य. कागद परत पाठवतो आहे, पाहून घे.

श्रीहर्षच्या शून्याची बातमी मी बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितली. निवृत्त तहसीलदार बसवंतप्पा म्हणाले, "मास्तर, आमच्या काळात आकडा मोठा असला की बढती मिळायची, आता लहान असला की मिळतेय." त्यांना मत्सर वाटतो. त्यांचा मुलगा विमा विकतो.

तुझ्या लिहिण्यात मला थोडी तिरकस छटा दिसली. 'पाऊल ठेवत नाहीत' वगैरे. स्वच्छता, शिस्त आणि वेळ पाळली तर जंतू येतील कशाला? मी आळंदच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, माझ्या शाळेत कधी खरूज पसरली नाही.

फ्रिजबद्दल वाचून बरं वाटलं. देतानाच मी दानपत्रात अट घातली होती की रुग्णालयातली सर्वांत मौल्यवान वस्तू यातच ठेवली जावी. तुझी मामी आयुष्यभर अन्न नासू नये म्हणून झटली. श्रीहर्षने विचार करून ठरवलं की लहान मुलांच्या पाठीतलं ते पाणी सर्वांत मौल्यवान. मला त्याचा तो निर्णय फार आवडला. मुलाने आईची आठवण अशी जपावी.

तू शिस्तीत राहा. नोकरी टिकव. तुझ्या आईला मी शब्द दिलाय.

बंडोपंत


बीदर, ३ जुलै २०२४

ती. मामा,

पाचही चुका सुधारल्या. सहावी तुमच्या पत्रात होती, पण मी लहान आहे म्हणून बोलत नाही.

इथली वेळ कशी पाळतात ते सांगते. डॉक्टरमंडळी दुपारी आपापल्या दवाखान्यात असतात. तिथलं आटोपून साडेसहाला इथे येतात, तेव्हा पाठीतलं पाणी काढायचा कार्यक्रम होतो. लॅब पाचला बंद होते. मग भीमण्णा नळी घेऊन येतो, कुलूप उघडतो, सुमतीबाईंच्या स्वाधीन करतो, हात जोडतो आणि कुलूप लावतो. सकाळी दहाला मी ती नळी बाहेर काढते. शेजारी दादाच्या ताकाची बाटली असते, तीही थंडगार. मग मी कल्चर लावते, म्हणजे जंतूंना खायला घालून उबेत ठेवते आणि वाढतात का पाहते. दोन दिवसांनी फॉर्मवर लिहिते, वाढ नाही. हे मी इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप चालतो.

एक शंका आहे, तुमच्या खात्यातली. समजा एखाद्या पोराला परीक्षेला बसूच दिलं नाही. वर्गाबाहेर थांबवून ठेवलं, आणि पेपर गोळा केल्यावर आत घेतलं. त्याच्या नावापुढे काय लिहायचं? शून्य लिहायचं का?

नीट विचार करून कळवा. एका ओळखीच्या माणसाला सांगायचं आहे.

विनीता


कलबुर्गी, १० जुलै २०२४

चि. विनीता,

ही काय विचारण्याची गोष्ट झाली? गैरहजर लिहायचं. शून्य हा गुण आहे. तो मिळवायला परीक्षेला बसावं लागतं. ज्याचा पेपरच घेतला नाही त्याला शून्य देणारा मास्तर एक तर आळशी असतो, नाही तर लबाड.

माझ्या शाळेत असं एकदा झालं होतं. निंबर्ग्याचा लिंगाप्पा नावाचा मुलगा कांजिण्यांनी घरी पडला होता आणि गणिताच्या मास्तरांनी त्याला सरळ शून्य देऊन टाकलं. मी त्या मास्तरांना सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि त्यांच्याच हाताने ते खोडून 'गैरहजर' लिहायला लावलं. ते नंतर माझ्याशी निवृत्त होईपर्यंत बोलले नाहीत. चालायचंच. तुझ्या त्या ओळखीच्या माणसाला माझं नाव घेऊन सांग. बहुधा तुझ्या धाकट्या भावाच्या कॉलेजातला घोळ असणार, मला त्या कॉलेजची खात्री नव्हतीच.

आता आनंदाची गोष्ट. १७ सप्टेंबरला, कल्याण कर्नाटक उत्सवाच्या दिवशी, झेंडावंदनानंतर तुमच्या रुग्णालयात 'मेंदूज्वरमुक्त बारा महिने' असा सोहळा आहे. वरून पाहुणे येणार आहेत. श्रीहर्षचा सत्कार होणार आहे आणि प्रमुख वक्ता म्हणून त्याने मला बोलावलंय. बापाने मुलाच्या सत्काराला बोलायचं, हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? मी भाषणाला सुरुवात केली आहे. शून्याचा शोध आपल्या भूमीत लागला इथपासून उचललंय.

बंडोपंत


बीदर, २९ जुलै २०२४

ती. मामा,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. तरी शेवटपर्यंत वाचा.

इथून जवळच्या कोळारच्या गोदामात माल चढवणारा मल्लेश नावाचा माणूस आहे, मूळ कोहिनूर गावचा. त्याची बायको रूपा आणि चौदा महिन्यांची मुलगी चंद्रम्मा. १८ तारखेला संध्याकाळी ते तिला घेऊन आले. ताप, झटके, मान मागे ओढलेली. बरोबर मल्लेशची आई बाणूबाई होती. ती दारात आडवी उभी राहिली.

"ताप डोस्क्यात हाय म्हणायलाव अन् सुई पाठीत कामून मारायलाव? आमच्या गावात एका लेकराला असंच टोचले, ते पांगळं झालं बगा. म्या न्हाई टोचू देत."

डॉक्टर तिच्यावर ओरडून निघून गेले. मी खाली बसले आणि तिला समजावलं. म्हटलं, आजी, त्या पाण्यात दुखण्याचं नाव लिहिलेलं असतं. नाव कळलं की औषध नेमकं देता येतं, किती दिवस द्यायचं तेही कळतं. ती दारातून हलली नाही. मग म्हणाली, "तू वाचनार का ते नाव?" मी म्हटलं, व्हय, मी वाचणार. तेव्हा ती बाजूला झाली.

पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं. निरोगी मुलाचं पाणी स्वच्छ असतं. मी त्याच वेळी लॅब उघडा म्हटलं. दादा म्हणाला, नियमाप्रमाणे आईकडे ठेव, सकाळी बघ. भीमण्णाने ठेवलं. सकाळी पाहिलं तर पेशी विरून गेल्या होत्या, आणि दोन दिवसांनी कल्चरमध्ये वाढ नाही. मी लिहिलं, वाढ नाही. दादाने फाइलवर 'विषाणूचा ताप' लिहिलं, इंजेक्शनं बंद केली आणि तिला घरी पाठवलं. बाणूबाई जाताना मला म्हणाली, "काय नाव निगालं?" मी म्हटलं, काही नाही निघालं, चांगलंच झालं.

तीन दिवसांनी चंद्रम्माला पुन्हा आणलं. डोळे वर फिरलेले होते. या वेळी मी नळी कोणाच्याही हातात दिली नाही. थेट लॅबमध्ये नेली, थेंब काचेवर घेतला, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतू होते, जोडीजोडीने बसलेले. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला ते दिसले, आणि मला आनंद झाला नाही, लाज वाटली.

आता फ्रिजचं. मेच्या शेवटी माझं पेन फ्रिजमागे पडलं म्हणून भीमण्णाने तो सरकवला होता. मागे भिंतीवर वरच्या ऑफिसने लावलेला तक्ता होता. त्यावर लिहिलंय की पाठीतलं पाणी तासाभरात लॅबमध्ये पोचवा, आणि खाली लाल रेघ मारून, फ्रिजमध्ये ठेवू नका. हे जंतू नाजूक असतात, थंडीत मरतात. मी दादाला तेव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला, तक्ते सगळ्या देशासाठी छापतात, आपली परिस्थिती वेगळी आहे. मग मी गप्प बसले. तुम्हाला आडून प्रश्न विचारला, तेवढंच धाडस केलं. दीड महिना नळ्या तशाच ठेवल्या जात होत्या आणि मी नोकरी टिकवत होते.

जंतू सापडले हे सांगितल्यावर दादा म्हणाला, तूच हाताळताना नमुना बिघडवला असशील, तसं लिही. मी लिहिलेलं नाही. 'जंतू आढळले' असं लिहून फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवला, त्याने तो खणात टाकला. पण औषध त्याने बदललं. तेवढा तो डॉक्टर आहे अजून.

विनीता


कलबुर्गी, ४ ऑगस्ट २०२४

विनीता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. म्हणजे पूर्ण विचार करून लिहिलंयस.

मी विज्ञानाचा मास्तर नव्हतो, पण एवढं मलाही कळतं की थंडीत वस्तू टिकते. दूध टिकतं, भाजी टिकते, इन्सुलिनसुद्धा फ्रिजमध्ये ठेवतात, मी रोज टोचून घेतो. आणि म्हणे मुलाच्या पाठीतलं पाणी मात्र तुझ्या मामीच्या फ्रिजमध्ये जाऊन बिघडतं. उद्या म्हणशील की माझ्यामुळेच त्या लेकराला झटके आले.

ज्याने नोकरी दिली त्याच्याविरुद्ध त्याच्याच बापाला लिहायचं, याला काय म्हणायचं ते मी लिहीत नाही, कारण तू माझ्या बहिणीची मुलगी आहेस. श्रीहर्षला मी हे दाखवणार नाही. तूही हा विषय पुन्हा काढू नकोस.

तुझी मामी शेवटच्या दिवसांत दवाखान्यात होती तेव्हा तिचं औषध ठेवायला तिथे फ्रिज नव्हता. मी बर्फाचा डबा घेऊन तीन मजले चढायचो. म्हणून मी फ्रिज दिला. हे तुला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक झालं.

बंडोपंत


बीदर, ११ ऑगस्ट २०२४

ती. मामा,

बर्फाच्या डब्याचं मला माहीत नव्हतं. वाचून रडू आलं, आणि तरीही मी माझं म्हणणं मागे घेत नाही.

मामी दही कुठे लावायची? चुलीशेजारी, कोमट दुधात, वर जाड फडकं टाकून. विरजण घातल्याबरोबर भांडं फ्रिजमध्ये ठेवलं असतं तर सकाळी दही मिळालं असतं का? दूध दूधच राहिलं असतं. त्यावरून कोणी म्हणालं असतं की विरजण घातलंच नव्हतं, तर मामीने त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं असतं. दह्याचे जंतू तरी चिवट, थंडीत नुसते झोपतात. हे तर एका रात्रीत मरतात. तुम्ही टिकवायचं म्हणता, पण इथे टिकवायचं नव्हतंच, जिवंत ठेवायचं होतं.

आणि तो परीक्षेचा प्रश्न माझ्या भावाच्या कॉलेजचा नव्हता. तुम्ही उत्तर दिलंत, गैरहजर लिहायचं. मी तेच म्हणते आहे, तुमचं नाव घेऊन.

चंद्रम्मा बरी झाली. चौदा दिवस इंजेक्शनं झाली, परवा घरी गेली. जाताना रूपाच्या कडेवरून तिचे केस ओढत होती, भीमण्णाची टोपी मागत होती. मी फॉर्मचा शेवटचा रकाना भरला: पूर्ण बरी. सगळ्या फॉर्मांत तेवढी एकच ओळ लिहिताना बरं वाटलं.

१७ सप्टेंबरला तुम्ही या. शून्याचा शोध आपल्या भूमीत लागला, हे खरंच आहे. आपल्या रुग्णालयात तर तो दर महिन्याला लागतो.

विनीता


कलबुर्गी, १४ सप्टेंबर २०२४

चि. विनीता,

महिनाभर लिहिलं नाही. प्रयोग करत होतो.

दोन वाट्या घेतल्या. एकच दूध, एकच विरजण. एक फ्रिजमध्ये, एक ओट्यावर. पहिल्या दिवशी ओट्यावरच्या वाटीत दही झालं, फ्रिजमधल्या वाटीत दूध. मला वाटलं विरजण कमी पडलं. दुसऱ्या दिवशी जास्त घातलं. मग फ्रिजचा काटा कमी करून पाहिला. मग दूध बदललं. आठ दिवस मी थंड दूध पीत होतो आणि कामाला येणाऱ्या बाईला वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी झालंय. तिने शेवटी सांगितलं, "अप्पा, फ्रिजात दही लागत न्हाई, हे बारक्या पोरीला बी ठाऊक हाय."

एवढं सगळं तुझ्या मामीला मी एका प्रश्नात विचारू शकलो असतो. चाळीस वर्षं ती दही लावत होती आणि मी ते खात होतो, भांडं कुठे ठेवते ते कधी पाहिलं नाही.

ती अट माझी होती. श्रीहर्षची चूक आहेच, पण अट माझी होती. भाषण फाडलं. मी येतोय. त्याला काही सांगू नकोस.

बंडोपंत


बीदर, १२ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

तुम्ही भाषण संपवून सरळ स्टँडवर गेलात आणि मिळेल ती गाडी पकडलीत, त्यामुळे नंतरची मजा तुम्हाला कळलेली नाही. ती कळवते.

दादाच्या डोक्यावर म्हैसूर पेटा होता, अंगावर शाल होती, मांडीवर फळांची टोपली होती, आणि त्याचा बाप माईकवरून सांगत होता की या मुलाने बारा महिने पेपर न घेता गुण दिले, ते खोडून गैरहजर लिहा. आणि माझ्या बायकोच्या नावाचा फ्रिज लॅबमधून आजच्या आज बाहेर काढा, कारण त्याने लेकरांचं नुकसान झालं आणि ती अट घालणारा गाढव मी आहे. मामा, मी मागच्या रांगेत उभी होते. मला तुमचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

वरून आलेल्या पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या. सूत्रसंचालक म्हणाला, वडिलांच्या हृद्य मनोगताबद्दल आभार. त्यानंतर दादाला मानपत्र दिलं गेलं, बारा महिने शून्य म्हणून. ते त्याच्या केबिनमध्ये लावलंय, पण भिंतीकडे तोंड करून. काढायची हिंमत नाही आणि बघायचीही नाही. माझ्याशी तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये आला, मला न बघता भीमण्णाला म्हणाला, आजपासून नळी थेट हिच्याकडे द्यायची, कितीही वाजले तरी. फ्रिज आता स्वयंपाकघरात आहे, त्यात बाळंतिणींसाठी दूध ठेवतात. पाटी तशीच आहे. मामी तिथे जास्त रमेल.

सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांचा आकडा गेला. तीन. तिघांनाही नेमकं औषध मिळालं, तिघंही सुधारताहेत. आणि गंमत ऐका. वरच्या ऑफिसकडून नोटीस आली. आपल्या केंद्रात मेंदूज्वराचं प्रमाण शून्यावरून एकदम तीनवर गेलं असून या वाढीला जबाबदार कोण, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. बारा महिने शून्य होतं तेव्हा कोणी खुलासा मागितला नाही. तीन मुलं वाचली तर साथ पसरवल्याचा आरोप. माझं कंत्राट तीस तारखेला संपलं होतं, ते दादाने तीन महिने वाढवलं. म्हणाला, खुलासा लिहायला कोणीतरी लागेल.

तुम्ही परवाच्या कार्डात चंद्रम्माच्या घरचा पत्ता मागितलात. कोळारला मोठ्या गोदामांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, मल्लेशची शेवटून दुसरी. तुम्ही माफी मागायला जाणार हे मला कळतंय. जा, पण फार मनाला लावून घेऊ नका. ती पोरगी ठणठणीत आहे. तेवढं एक तरी आपल्या हातून नीट झालं.

विनीता


कोळार, २७ ऑक्टोबर २०२४

चि. विनीता,

मल्लेशच्या खोलीत बसून लिहितो आहे. कागद त्याच्या ड्युटीच्या वहीतला आहे. तो तुला हे पत्र आजच आणून देईल.

सकाळी आलो. बाणूबाईंनी चहा केला. मी सांगितलं, मी त्या डॉक्टरांचा बाप, आणि तो फ्रिज माझा. तुमच्या नातीचं दुखणं पहिल्यांदा कळलं नाही ते त्यामुळे. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "तुमी आलाव, हेच लई झालं. दवाखान्यातलं कुनी येत न्हाई." मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चंद्रम्मा उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून बसली होती, डब्याचं झाकण फिरवत. मी तिला हाक मारली. तिने पाहिलं नाही. रूपा म्हणाली, "दुखन्यातनं उठल्यापसनं लई हट्टी झालीय बगा अप्पा. कितीबी हाक मारा, मान वळवंना. काल दिले दोन रपाटे."

मी उठून तिच्या मागे उभा राहिलो. माझ्या आवाजाने प्रार्थनेला उभी असलेली चारशे मुलं एका क्षणात गप्प व्हायची. त्या आवाजात तिचं नाव घेतलं. पलीकडच्या खोलीतून माणसं बाहेर आली. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा बाणूबाई हातातली वाटी ठेवून उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदाही तिने मागे पाहिलं नाही. मग मी पुढे जाऊन तिच्यासमोर बसलो, तर माझ्याकडे बघून छान हसली आणि झाकण माझ्या हातात दिलं.

विनीता, हा हट्ट नाही. तिला ऐकू येत नाही. मेंदूज्वरातून उठलेल्या मुलांचे कान जातात का, हे तुला ठाऊक असेल, मला नव्हतं. मी उंबऱ्यावर बसून रडलो आणि रूपाला सांगितलं की डोळ्यांत धूळ गेली.

तू त्या रकान्यात पूर्ण बरी लिहिलंस. केस ओढते, टोपी मागते, एवढं पाहून लिहिलंस. तुला रागवायचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही, म्हणून रागवत नाही. पण ते खोड. तुझ्याच हाताने खोड आणि जे आहे ते लिही. नोटिशीच्या खुलाशातही लिही. श्रीहर्षला मी वेगळं लिहितोय, तोही येईल. तो नाही म्हणाला तर मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसेन.

कान तपासणारं कोणी असेल त्याला घेऊन आजच ये. या वयात उपाय लवकर झाला तर बोलायला शिकतात, असं मी एकदा कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का ते तू मला येऊन सांग. रूपाला मी अजून काही बोललो नाही. ते तुला सांगावं लागेल, कारण त्या पाण्यातलं नाव वाचते म्हणून तूच त्यांना शब्द दिला होतास. मी फक्त एवढंच सांगितलंय की हाक मारून वळली नाही तर तिला मारू नकोस.

बंडोपंत